घाटावर न येणारे मृत्यू

मणिकर्णिका घाटावर बसून नुसत्या चिता मोजल्या, तर आपल्या समाजाविषयी काय कळेल? बरेच काही. आणि जे कळणार नाही, ते त्याहून महत्त्वाचे आहे.

काशीला जाऊन आलेला माणूस मणिकर्णिकेविषयी दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, तिथली आग कधी विझत नाही. दुसरी, तिथे रोज शंभर प्रेते जळतात. पहिली गोष्ट श्रद्धेची आहे, तिच्यात हात घालण्याचे कारण नाही. दुसरी मात्र मोजून पाहण्यासारखी आहे. नावाडी शंभर म्हणतो, वाट दाखवणारा पोरगा शंभर म्हणतो, चहावालाही शंभरच म्हणतो. इतका गोल आकडा सगळ्यांच्या तोंडी आला की समजावे, तो कोणी मोजलेला नाही, एकमेकांकडून ऐकलेला आहे.

तरी तूर्त तोच धरून चालू. रोजचे शंभर म्हणजे वर्षाचे ३६ हजार ५००. बनारस शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख होती. म्हणजे दर हजार माणसांमागे वर्षाला ३० मृत्यू, आणि तेही एका घाटावरचे. हरिश्चंद्र घाट यात धरलेलाच नाही. आता संपूर्ण भारताचा मृत्युदर पाहा. अलीकडच्या वर्षांत तो साधारण हजारी सहा-सात आहे. मग बनारसची माणसे बाकीच्या देशाच्या चौपट-पाचपट वेगाने मरतात काय? तिथे कायमची पटकी लागली आहे काय?

अर्थातच नाही. शाळकरी मुलगाही सांगेल की ही सगळी माणसे बनारसची नव्हेत. जौनपूर, गाझीपूर, चंदौली, मिर्झापूर, आझमगड, पलीकडे बिहारातले भोजपूर आणि कैमूर, असा सगळा मुलूख आपली प्रेते घेऊन इथे येतो. जीपच्या टपावर तिरडी बांधून रातोरात आणतात. काही माणसे तर जिवंतपणीच येतात, मरण्यासाठी. भागाकार बरोबर होता, पण छेदात जी माणसे घातली ती चुकीची होती.

हे उदाहरण इतके सोपे आहे की हसू येते. पण समाजाविषयीचे आकडे वाचताना आपण सगळेच ही गल्लत दर आठवड्याला करत असतो, आणि मोठमोठी सरकारेही करतात. म्हणून या घाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसायला हरकत नाही. पायऱ्या तशा आपल्याही ओळखीच्या आहेत. मणिकर्णिकेचा घाट बांधून काढण्यात अहिल्याबाई होळकरांचा मोठा वाटा, शेजारचा घाट शिंद्यांचा, आणि काशीत जन्मलेल्या मोरोपंत तांब्यांच्या मुलीचे नावच मुळी मणिकर्णिका. पुढे ती झाशीची राणी झाली.

नुसते पाहायचे, करायचे काही नाही

शेतकी कॉलेजात नवे बियाणे तपासायचे असेल तर एका वाफ्यात नवे लावतात, शेजारच्या वाफ्यात जुने. माती तीच, पाणी तेच. मग फरक पडला तर तो बियाण्याचा. औषधाचीही तीच रीत, चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही. यालाच प्रयोग म्हणतात.

पण माणसांविषयीच्या बऱ्याच प्रश्नांना ही रीत लागू पडत नाही. विधवेचे आयुष्य कमी होते का? गरिबाच्या घरी मूल जास्त दगावते का? काशीत मरायला आलेल्याला मरण लवकर येते का? चिठ्ठ्या टाकून कोणाला विधवा करता येत नाही. कोणाच्या घरी गरिबी पेरता येत नाही. अर्ध्या म्हाताऱ्यांना काशीला धाडा आणि अर्ध्यांना घरी ठेवा, असे कोणत्या सुनेला सांगणार? तेव्हा उरते ते एवढेच, की आपोआप जे घडते आहे ते नीट पाहायचे, टिपून ठेवायचे आणि त्यातून अर्थ काढायचा. समाजशास्त्राचा, अर्थशास्त्राचा आणि साथीच्या रोगांच्या शास्त्राचा मोठा भाग असाच उभा राहिला आहे.

मणिकर्णिकेवर हे काम फार चिकाटीने केले ते जोनाथन पॅरी या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा हा प्राध्यापक १९७६ साली बनारसला आला. पुढे पुन्हा पुन्हा येत राहिला, आणि १९९४ साली त्याचे ‘डेथ इन बनारस’ हे पुस्तक निघाले. मृत्यू हा इथे ज्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांच्यात तो वावरला. चिता पेटवणारे डोम, दहा दिवसांचे विधी करणारे महाब्राह्मण, नावाडी, न्हावी, लाकडाचे वखारवाले.

त्याला काय दिसले? एक तर हा सगळा व्यवहार पाळीवर चालतो. अमुक दिवस अमुक घराचा. ही पाळी वारशाने मिळते, भावाभावांत वाटली जाते, गहाण पडते, विकलीही जाते. शेतीच्या वाटणीसारखेच. आपल्या पाळीच्या दिवशी किती प्रेते येतील यावर घराची चूल अवलंबून, त्यामुळे थंडीचा कडाका आणि उन्हाची लाट यांचा हिशेब या मंडळींना कुठल्याही तज्ज्ञाच्या आधी कळतो.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. पुस्तकी ज्ञान असे, की जातीच्या उतरंडीत ब्राह्मण सर्वांत वर, कारण तो सर्वांत शुद्ध. पण मेलेल्याच्या नावाने दान घेणारा महाब्राह्मण हा ब्राह्मण असूनही अशुभ मानला जातो. त्याचे तोंड सकाळी दिसू नये असे लोक म्हणतात. प्रेमानंद गज्वी यांचे ‘किरवंत’ नाटक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. पॅरीने त्यात भर घातली ती अशी, की दान घेणाऱ्यालाही मनातून हीच भीती असते. दानाबरोबर दात्याचे पाप आपल्या अंगी येते आणि ते पचवण्याइतके जपतप आपल्याकडून होत नाही, असे हे पुरोहित स्वतःच मानतात. पोथीत शोधून हे सापडले नसते. त्यासाठी घाटावर बसावेच लागते.

मरायला येणारे कोण?

काशी लाभ मुक्ती भवन ही वास्तू आता सिनेमामुळे सर्वांना ठाऊक झाली आहे. दालमियांच्या धर्मादाय न्यासाने १९५८ पासून ती चालवली. मरणासन्न माणसाला घेऊन घरचे लोक इथे येतात, खोली मिळते, भजन चालते. नियम असा की मुक्काम साधारण दोन आठवडे. तेवढ्यात मरण आले नाही, तर बहुधा घरी परत जावे लागते. क्रिस्टोफर जस्टिस या कॅनडाच्या अभ्यासकाने या अशा मरणावर १९९७ साली एक पुस्तक लिहिले.

आता कोणी मुक्ती भवनाची वही पाहून म्हणेल, ‘या घरात आलेला माणूस पंधरवड्यात जातो, म्हणजे काशीत जीव लवकर सुटतो हे सिद्ध झाले.’ यातली मेख वाचकांच्या लक्षात आलीच असेल. ज्याला पंधरवड्यात जाण्याची चिन्हे आहेत, त्यालाच तर इथे आणतात! इस्पितळातही तेच. गावातले छोटे इस्पितळ आणि शहरातले मोठे, यांत मोठ्या इस्पितळात जास्त रोगी दगावतात. कारण तिथले डॉक्टर वाईट आहेत असे नव्हे, हाताबाहेर गेलेले रोगी तिथे पाठवले जातात. तेव्हा असा कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा, ही माणसे इथे पोहोचली कशी? कोणी त्यांना निवडले?

घाटावरही निवड झालेलीच असते. दोनशे किलोमीटरवरून प्रेत आणायला गाडीभाडे लागते, लाकडाला पैसे लागतात, पाच-पंचवीस माणसांचा खाडा होतो. हे सारे घर करते ते बहुधा भरल्या घरातल्या म्हाताऱ्यासाठी. नातवंडे-पतवंडे पाहून गेलेल्याला तर वाजतगाजत आणतात. म्हणजे मणिकर्णिकेवर बसून वयांची सरासरी काढाल तर पूर्वांचलातली माणसे दीर्घायुषी वाटतील. आणि वय तरी खरे कुठे? विचारले की उत्तर येते साठ, पासष्ट, सत्तर. त्रेसष्ट कोणी म्हणतच नाही. जनगणनेतही वर्षानुवर्षे हेच दिसत आले आहे, शून्य आणि पाच यांवर संपणाऱ्या वयांची गर्दी असते.

जाता जाता कबीराची आठवण होते. जन्मभर काशीत राहून अखेरीस तो मुद्दाम मगहरला गेला असे सांगतात. मगहरला मरणाऱ्याला गती नाही, ही समजूत खोडून काढायला. घाटाच्या हिशेबातून स्वतःचे नाव असे काढून घेणारा माणूस विरळाच.

ज्यांना अग्नी देत नाहीत

खरी गोष्ट आता येते. घाटावरचे लोक तुम्हाला सहज सांगतील, की सगळ्यांना अग्नी देत नाहीत. संन्याशाला नाही. लहान मुलाला नाही. गर्भार बाईला नाही. कुष्ठरोग्याला नाही. साप चावून मेलेल्याला नाही. रूढीप्रमाणे त्यांना दगड बांधून गंगेत सोडायचे किंवा पुरायचे. यामागची कारणे परंपरेने आपापली सांगितली आहेत. संन्याशाने आपले अंत्यविधी जिवंतपणीच उरकलेले असतात, तान्ह्या बाळाला पाप शिवलेले नसते, वगैरे.

पण चिता मोजणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? त्याच्या वहीत बाळ नाही. बाळंतपणात गेलेली गर्भार बाई नाही. शेतात साप चावून गेलेला मजूर नाही. वर्षभर, दिवसरात्र, एकही चिता न चुकवता त्याने मोजणी केली, तरी त्याचा निष्कर्ष निघेल की या मुलखात मुले मरतच नाहीत! मोजणी अचूक, आणि उत्तर साफ खोटे. बरे, मोजणी आणखी वाढवून यात सुधारणा होणार नाही. एक वर्षाऐवजी दहा वर्षे बसा, खोटेपणा तेवढाच राहील.

याला उपाय एकच. घाट सोडायचा आणि घरोघर जायचे. आपल्या महाराष्ट्रात हे कोणी केले ते सर्वांना माहीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत गेले. आपल्या भागातल्या खेड्यांत जन्मणारे प्रत्येक मूल आणि मरणारे प्रत्येक मूल टिपून ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. खेड्यातलीच माणसे नोंदी करायला शिकली. १९८८ साली तिथला बालमृत्युदर निघाला हजारी १२१. म्हणजे जन्मलेल्या आठ-नऊ बाळांतले एक वर्षाच्या आत जात होते. ही बाळे घरी जन्मली, घरीच गेली, अंगणापलीकडे किंवा नदीकाठी पुरली गेली. दवाखान्याने त्यांना पाहिले नाही, ग्रामपंचायतीने लिहिले नाही. पुढे आरोग्यदूत म्हणून शिकवलेल्या गावातल्याच बायकांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि हा दर उतरला. ती गोष्ट १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली आणि जगभर गेली. पण काळजी घेण्याच्या आधी मोजणी होती, हे विसरून चालणार नाही.

हीच पद्धत पुढे राज्यातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात वापरली आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ नावाचा अहवाल तयार झाला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालके मरत असावीत, असा त्यात अंदाज होता. सरकारी कागदावर यातली बरीचशी बालके नव्हतीच. पुष्कळ खळबळ उडाली. उडायलाच हवी होती.

सापाचेही तसेच. भारताचे महानिबंधक देशभरातली नमुन्याची काही गावे आणि वस्त्या निवडून तिथले जन्ममृत्यू नियमाने टिपत असतात. अशा घरांत जाऊन, ‘शेवटी काय होत होते? अंगावर चावल्याची खूण होती का?’ असे घरच्यांना विचारायचे आणि डॉक्टरांनी त्या उत्तरांवरून कारण ठरवायचे, असा मोठा अभ्यास डॉ. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महानिबंधकांच्या कार्यालयाबरोबर केला. २०११ साली त्यातून आकडा आला, की एकट्या २००५ साली भारतात सुमारे ४६ हजार माणसे सर्पदंशाने गेली. इस्पितळांच्या नोंदीत याच्या कितीतरी पट कमी मृत्यू होते. माणूस दवाखान्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर दवाखान्याच्या वहीत कसा येणार? आणि रूढीप्रमाणे घाटावरही त्याची चिता नाही.

बाईचा मृत्यू कागदावर कमी

बायकांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण तो घरोघरचा आहे. २०२० साली देशात जेवढे मृत्यू सरकारदरबारी नोंदले गेले, त्यांत पुरुष साधारण ६० टक्के होते आणि स्त्रिया ४०. पुरुष थोडे अधिक आणि थोडे लवकर मरतात हे खरे, पण एवढा फरक त्याने भरून निघत नाही. उरलेला फरक कागदाचा आहे. बाप गेला की मृत्यूचा दाखला लागतो. सात-बाऱ्यावर वारसांची नावे चढवायची असतात, विम्याचे पैसे, बँकेचे खाते, पेन्शन असते. आईच्या नावावर यातले काहीच नसेल, तर दाखल्यावाचून कोणाचे अडते? तेव्हा नोंदीतला हा आकडा बायका किती मरतात हे अर्धेच सांगतो. बायकांच्या नावावर किती कमी मालमत्ता आहे, हे मात्र न विचारता सांगून जातो.

कधी कधी आकड्यातले भोक हेच उत्तर असते ते असे.

लंडनचा दुकानदार आणि २०२१ चा उन्हाळा

मग घाटावर बसून मोजण्याचा काहीच उपयोग नाही काय? आहे, आणि तो किती हे लंडनच्या एका दुकानदाराने साडेतीनशे वर्षांपूर्वी दाखवले. जॉन ग्राँट त्याचे नाव. सुई-दोरा-कापडाचा व्यापारी, शास्त्रज्ञ वगैरे काही नव्हे. त्या काळी लंडनमध्ये दर आठवड्याला कुठल्या कारणाने किती मेले याची यादी छापली जाई. लोक ती वाचून, चार गप्पा मारून टाकून देत. ग्राँटने जुन्या याद्या गोळा केल्या आणि १६६२ साली त्यांवर छोटेसे पुस्तक लिहिले.

यादी लिहिणाऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. मृत्यूचे कारण ठरवायला म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत, आणि चार नाणी हातावर ठेवली की लाजिरवाण्या रोगाच्या जागी त्या क्षय लिहीत. मग अशा यादीवरून खरे कसे काढायचे? ग्राँटची युक्ती पाहा. १६२५ च्या प्लेगच्या वर्षी यादीत प्लेगचे मृत्यू ३५ हजार होते. पण त्याच वर्षी इतर कारणांचे मृत्यू १८ हजारांवर गेले होते. एरवीच्या वर्षांत इतर कारणांनी सात-आठ हजार माणसे मरत. मग हे वरचे दहा-अकरा हजार कुठून आले? ग्राँट म्हणाला, हेही प्लेगचेच, लोकांनी लपवले एवढेच. कारण खोटे लिहिता येते, पण माणूस मेला हे लपवणे कठीण असते.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर प्रेतांच्या रांगा लागल्या, तेव्हा पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी नेमके हेच केले. चिता किती आणि त्या दिवशीच्या सरकारी पत्रकात कोरोनाचे मृत्यू किती, याची तुलना देशभरच्या स्मशानांत सुरू झाली. अर्थात नुसत्या चितांवरून घाईने बोलणे इथेही धोक्याचे होते. प्रेते शेजारच्या जिल्ह्यांतून किती आली? एरवी आपापल्या गावी जाळली जाणारी यंदा इथे आली का? म्हणून तुलना व्हायला हवी ती त्याच घाटाच्या आदल्या वर्षांच्या त्याच महिन्यांशी. मणिकर्णिकेवर बाहेरगावची माणसे दर वर्षीच येतात. निवड दोन्हीकडे साधारण सारखी असेल, तर तिचा दोष बराचसा कटतो आणि वाढ तेवढी उरते.

पुढचे आकडे वाचकांना आठवत असतील. २०२१ अखेर कोरोनाने गेलेल्यांची सरकारी संख्या होती सुमारे ४ लाख ८० हजार. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अंदाज दिला, की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात एरवीपेक्षा ४७ लाख मृत्यू जास्त झाले. भारत सरकारने ही पद्धतच अमान्य केली. मग मे २०२५ मध्ये सरकारच्याच नागरी नोंदणीचे २०२१ चे आकडे प्रसिद्ध झाले. २०१९ साली देशात ७६ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२० साली ८१ लाख, आणि २०२१ साली एक कोटी दोन लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी.

या २१ लाखांतला प्रत्येक मृत्यू कोरोनाचा, असे मी म्हणणार नाही. नोंदणी दरवर्षी थोडी सुधारत असते, त्यामुळे नोंदलेले मृत्यू आपोआपही वाढतात. कोणी इतर आजाराचे असूनही खाट न मिळाल्याने गेले असतील. उलट, त्या गोंधळात अनेकांची नोंद झालीच नसेल. पण ही सगळी वजाबाकी-बेरीज करूनही चार लाख ऐंशी हजारांपाशी कोणी प्रामाणिक माणूस परत येऊ शकेल असे मला वाटत नाही. ग्राँटच्या दुकानातला तराजू अजून चालतो.

आपल्याकडे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे. मृत्यू इस्पितळात झाला तर कळवण्याची जबाबदारी इस्पितळाची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. त्याच कायद्यात असेही कलम आहे, की स्मशानाची देखरेख करणाऱ्यानेही तिथे आलेल्या मृत्यूची माहिती निबंधकाला द्यावी. म्हणजे घाटावरच्या वहीला कायद्याने स्थान आहे. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशभरच्या नोंदी एका ठिकाणी ठेवण्याची व्यवस्था आली. नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. उशीर झाला तर शुल्क आणि परवानग्या वाढत जातात, वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. मालमत्ता असो वा नसो, म्हाताऱ्या आईची नोंद वडिलांइतकीच आवश्यक. आणि बारशाआधी गेलेल्या बाळाच्याही दोन नोंदी करायच्या असतात, आधी जन्माची, मग मृत्यूची. नाव नसले तरी चालते.